कांद्याचा भाव कागदावर मांडला तर

कांद्याचा भाव पडला की नाशिक जिल्ह्यात कारणे सांगणाऱ्यांची वाण नसते. लासलगाव बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असताना एक म्हणतो, सरकारने निर्यात अडवली. दुसऱ्याच्या मते व्यापाऱ्यांनी संगनमत केले. तिसरा म्हणतो, अवघ्या तालुक्याने कांदाच लावला, मग वेगळे काय होणार? चौथा पावसाला किंवा नाफेडला बोल लावतो. भाव चढला की हीच चर्चा शहरातल्या मंडईत होते, फक्त तिथले आरोपी साठेबाज आणि दलाल असतात. यातले जवळपास प्रत्येक कारण कुठल्या ना कुठल्या वर्षी खरे ठरलेले आहे, तरी चर्चा वर्षानुवर्षे तिथेच फिरते. याचे कारण माहितीच्या अभावापेक्षा मांडणीत आहे. बोलताना आपण एक कारण आणि एक परिणाम अशी जोडी धरतो. कांद्यात मात्र आजचा परिणाम पुढच्या हंगामात कारण होऊन परत येतो. असा गुंता बोलण्यात पेलत नाही. तो कागदावर मांडावा लागतो, आणि त्यासाठी सात-आठ शब्द व त्यांना जोडणारे बाण पुरतात. बाणांची अशी साधी आकृती हे विचार तपासण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे आणि ते तज्ज्ञांपुरते ठेवण्याचे काहीच कारण नाही.

आकृतीची गरज का पडते, याचे पहिले उत्तर आपल्या स्मरणाच्या मर्यादेत आहे. एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात, यावर जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये साधारण सात हा आकडा सांगितला होता. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी पुरावे तपासून तो चारच्या आसपास आणला. कांद्याच्या प्रश्नात याहून अधिक घटक सहज येतात. शिवाय वाक्य एका रेषेत चालते, त्यामुळे पाचव्या वाक्यापर्यंत पोचताना पहिल्यातली अट निसटते. जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८७ च्या एका लेखात दाखवले की, चांगल्या आकृतीत परस्परसंबंधित गोष्टी जवळजवळ असतात आणि त्यामुळे शोधण्याचे श्रम वाचतात. दुसरे उत्तर जास्त बोचरे आहे. आपल्याला एखादी गोष्ट जितकी कळल्यासारखी वाटते, तितकी ती कळलेली नसते. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये लोकांना कपड्याची चेन किंवा फ्लशसारख्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे किती समजते, असे विचारले. मग तेच सविस्तर लिहायला लावले. लिहून झाल्यावर त्याच लोकांनी आपल्या समजुतीला आधीपेक्षा कमी गुण दिले. रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये सायकलविषयी असाच प्रयोग केला, तेव्हा साखळी पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांवरून नेणारेही निघाले. जन्मभर पाहिलेल्या सायकलची ही गत, तर न दिसणाऱ्या बाजारपेठेची काय असणार? आकृती काढायला बसले की नेमकी कुठली कडी आपल्याला ठाऊक नाही, ते उघडे पडते.

ही रीत नवी नाही. स्यूअल राइट या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने गिनीपिगवरच्या संशोधनात कारणांचे बाण काढले आणि १९२१ मध्ये ती पद्धत नीट मांडली. एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात कारखान्यांतील चढउतार समजून घेण्यासाठी फिरून परत येणारी चक्रे वापरली. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांच्या गटाने १९७२ च्या सुमारास मुलांना विज्ञान कितपत कळले हे पाहण्यासाठी संकल्पनांचे नकाशे बनवले. या साऱ्यांत समान अशी शिस्त एकच आहे. दोन शब्दांमध्ये रेघ ओढली की त्या रेघेचा अर्थ सांगावा लागतो. नुसते ‘संबंध आहे’ एवढे म्हणून भागत नाही.

आता कांदाच मांडून पाहू. नियम दोन. एक वाढले की दुसरेही वाढत असेल, तर बाणावर अधिक चिन्ह. एक वाढल्याने दुसरे घटत असेल, तर उणे. पहिले चक्र सर्वांना ठाऊक असलेले. बाजार समितीतला भाव चढला की पुढच्या हंगामात उळे, म्हणजे कांद्याचे बी, जास्त पडते, लागवड वाढते: अधिक. लागवड वाढली की काही महिन्यांनी आवक वाढते: अधिक. आवक वाढली की भाव उतरतो: उणे. चक्रात एकच उणे चिन्ह आहे. उणे चिन्हांची संख्या विषम असेल तर चक्र सावरणारे असते, म्हणजे चढलेल्याला खाली आणते आणि पडलेल्याला वर उचलते. मग भाव स्थिर का राहत नाही? कारण लागवड ते आवक या बाणावर वेळ जातो. उन्हाळ कांद्याचे रोप डिसेंबर-जानेवारीत लागते आणि माल मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंत निघतो. निर्णय जुन्या भावावर होतो आणि विक्री नव्या भावात. निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये अशा हेलकाव्यांना कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण आलेखावर ती रेघ तशी दिसते. आकृतीत त्या बाणावर ‘चार-पाच महिने’ एवढे लिहिले, तरी सावरणारे चक्र झोके का देते ते कळते.

दुसरे चक्र कांदा साठवण्याच्या चाळीत आहे. देशातील कांद्याच्या उत्पादनात रब्बीचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि टिकतो तो हाच कांदा. खरिपाचा लाल कांदा फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात चाळीत गेलेला माल पावसाळाभर देशाला पुरवायचा असतो. भाव चढू लागला की आणखी चढेल ही आशा वाढते: अधिक. आशा वाढली की माल रोखण्याकडे कल वाढतो: अधिक. माल रोखला की आवक घटते: उणे. आवक आणि भाव यांचे नाते पुन्हा उणे. म्हणजे दोन उणे चिन्हे, सम संख्या. हे चक्र सावरत नाही, आहे त्याला आणखी ढकलते. भाव चढत असला तर चढवते. घसरण सुरू झाली की याच बाणांवरून धास्ती धावते, प्रत्येक जण चाळ फोडायची घाई करतो आणि भाव आणखी घसरतो. यात कोणी खलनायक असलाच पाहिजे असे नाही. शहाणा शेतकरी आणि शहाणा व्यापारी दोघेही स्वतःपुरते योग्य वागले, तरी हे घडते. त्यात चाळीतला माल सडतो, त्याला मोड येतात, वजन घटते. त्यामुळे रोखण्याला मुदत असते आणि मुदत संपली की मिळेल त्या भावाने विकावे लागते.

तिसरे चक्र सरकारचे आणि आकृतीची खरी कमाई इथेच होते. ते काढायला घेतले की पहिलाच प्रश्न पडतो: ‘भाव’ म्हणजे कुठला? बाजार समितीतला की मंडईतला? हे दोन वेगळे शब्द, म्हणून कागदावर दोन वेगळ्या जागा हव्यात. ग्राहकाच्या रुपयातले कांदा उत्पादकाला सुमारे ३६ पैसे मिळतात, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासनिबंधात आहे. म्हणजे या दोन भावांत अंतर मोठे आहे. आता बाण. मंडईतला भाव चढला की ग्राहकांची ओरड वाढते: अधिक. ओरड वाढली की निर्यातीवर निर्बंध येतात: अधिक. निर्बंध आले की माल देशातच राहतो आणि मंडईतला भाव उतरतो: उणे. एवढ्यावर थांबले तर हे सावरणारे चक्र आहे आणि धोरण बरोबर वाटते. पण निर्बंधांपासून दुसराही बाण निघतो. निर्बंधांनी बाजार समितीतला भाव पडतो: उणे. तो पडला की पुढची लागवड घटते, लागवड घटली की आवक घटते: दोन्ही अधिक. आवक घटली की मंडईतला भाव चढतो: उणे. उणे चिन्हे दोन. म्हणजे आज भाव थंड करणारा उपाय लांबच्या वाटेने पुढच्या हंगामात तोच भाव तापवू शकतो.

हे काल्पनिक चित्र नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, तेव्हा नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपले. आणि त्याच २०२३ च्या आरंभी, शुल्क वा बंदी काही नसताना, भाव इतका कोसळला होता की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. एकाच वर्षात उत्पादकाला आधार आणि ग्राहकासाठी बंदी, हे दोन्ही निर्णय एकाच आकृतीत बसतात. वेगवेगळ्या बातम्या म्हणून वाचले तर मात्र ते एकमेकांशी भांडतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, हे सारे शेतकऱ्याला आधीच माहीत आहे. खरे आहे, तुकड्यातुकड्याने माहीत आहे. पण वादात प्रत्येक जण आपला तुकडा पूर्ण म्हणून मांडतो. आकृतीपुढे ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न मागे पडून ‘हा बाण किती जोराचा’ हा प्रश्न पुढे येतो. निर्बंधांमुळे खरेच लागवड घटते का, की शेतकऱ्याला पर्याय नसल्याने ती तशीच राहते? याचे उत्तर कृषी खात्याच्या लागवडीच्या आकड्यांत आणि बाजार समितीच्या आवकेत शोधता येते. आकृती फक्त दिशा सांगते, प्रमाण सांगत नाही. पण कुठले प्रमाण मोजायचे, ते तिच्यामुळेच ठरते.

दुसरा आक्षेप गुंत्याचा. सगळेच बाण काढले तर कागदाची रांगोळी विस्कटते. अफगाणिस्तानातील युद्धासाठी तयार केलेली अशी एक आकृती २०१० मध्ये जगभर चेष्टेचा विषय झाली. ती समजली तेव्हा आपण युद्ध जिंकलेले असू, असा टोमणा खुद्द तिथल्या अमेरिकी सेनापतीने मारला होता. यातून घ्यायचा धडा मर्यादेचा आहे. एका कागदावर एकच प्रश्न आणि आठ-दहांपेक्षा अधिक शब्द नकोत. जे वगळले ते खाली लिहावे. वरच्या मांडणीत अवकाळी पाऊस, नाफेडची खरेदी आणि इतर राज्यांतला कांदा वगळला आहे. ज्याला यातले काही हवे असेल, त्याने आपला बाण जोडावा आणि निष्कर्ष बदलतो का ते पाहावे.

तिसरा आक्षेप संशोधनातून येतो आणि तो वजनदार आहे: आकृती काढून खरेच शिकता येते का? जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढायला लावले आणि दुसऱ्याला पुस्तक मिटून आठवायला. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवणाऱ्यांनी बाजी मारली. दुसरीकडे जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अदेसोपे यांनी २००६ मध्ये ५५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा नकाशांचा शिकण्याला फायदा होतो असे दिसले होते. ही विसंगती २०१४ मध्ये कार्पिकी आणि ब्लंट यांनीच बरीचशी सोडवली. पुस्तक मिटून, आठवून काढलेला नकाशाही गुणकारी ठरतो. म्हणजे दोष आकृतीत नव्हता, समोरचे पाहून उतरवण्यात होता. शाळांत फळ्यावरचा ‘माइंड मॅप’ रंगीत पेनांनी वहीत उतरवून घेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

हे काम शिकलेल्यांचेच, हा समजही टिकत नाही. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने आणि खड्यांनी गावाचा नकाशा काढायचा, ही पद्धत महाराष्ट्रातील पाणलोट आणि ग्रामविकासाच्या कामांत १९९० च्या दशकापासून रूढ आहे. गावात कुठल्या संस्थेचे किती वजन, हे दाखवण्यासाठी लहान-मोठी वर्तुळे मांडतात आणि त्या आकृतीला चक्क चपाती आकृती म्हणतात. अक्षरओळख नसलेली बाईही वर्तुळ उचलून दुसरीकडे ठेवू शकते आणि का ठेवले ते सांगू शकते. सभेत भाषण करणाऱ्याला अडवणे अवघड असते, जमिनीवरचा खडा हलवणे सोपे.

शेवटचा आक्षेप सत्तेचा: निर्णय मतांवर होतात, बाणांवर नाही. १९९८ मध्ये महागलेल्या कांद्याने दिल्ली राज्याचे सरकार घालवण्यात हातभार लावला आणि २०२४ मध्ये दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्र्यांच्या पराभवामागे पडलेल्या भावाचा रोष हे मोठे कारण मानले गेले. पण मग मत हाही आकृतीतला एक शब्द झाला. ग्राहकाचे मत लगेच बोलते आणि उत्पादकाचे उशिरा, म्हणून धोरण आधी शहराकडे झुकते. हे राजकारण कागदावर दिसले म्हणून बदलणार नाही. मात्र ज्याला ते बदलायचे आहे, त्याला कुठला बाण ओढायचा हे तरी कळेल. व्यवस्थित दिसणारी आकृती चुकीचीही असू शकते आणि नीटनेटकेपणामुळे ती खरी वाटण्याचा धोका असतोच. त्यावर उपाय म्हणजे ती आपल्याशी न पटणाऱ्या माणसाच्या हातात देणे आणि एक बाण खोडायला सांगणे.

म्हणून मागणी साधी आहे. बाजार समितीची वार्षिक सभा असो, ग्रामसभा असो की सिंहस्थाच्या तयारीची बैठक, ठराव मांडणाऱ्याने सोबत एक पानभर आकृती जोडावी: हे केले की काय वाढेल, काय घटेल, किती दिवसांनी, आणि ते फिरून आपल्याकडे कसे येईल. ज्याला हे एक पान काढता येत नाही, त्याचा ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा.