सातशे ग्रॅममध्ये किती अंतर मावतं?

दोन मीटर उंचीवरून पडलेलं डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटर असतो. डोंगरउतारावर सायकलचं पुढचं चाक दगडात अडकलं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला गेला, तर त्याचं डोकं साधारण एवढ्याच उंचीवरून खाली येतं. त्यानंतर बरंचसं एकाच गोष्टीवर ठरतं: थांबायला डोक्याला जागा किती मिळते. ढोबळ हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचं. जे उत्तर येईल, गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट सरासरी झटका डोक्याला बसतो. उघडं डोकं दगडावर दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर हजार पट. तेच डोकं वीस मिलिमीटरमध्ये थांबलं, तर शंभर पट. पहिला झटका जीवघेणा असतो. दुसरा, सायकलच्या हेल्मेटला अमेरिकेत घालून दिलेल्या ३०० पटींच्या आणि युरोपातल्या २५० पटींच्या मर्यादेच्या बराच आत बसतो.

या दोन उत्तरांमध्ये फरक आहे तो फक्त अठरा मिलिमीटरचा. वेळेच्या भाषेत सांगायचं तर वीस मिलिमीटरमध्ये थांबायला जेमतेम सहा सहस्रांश सेकंद लागतात. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हेल्मेट बनवणारे लोक आपल्याला विकतात ते हेच: थोडं अंतर आणि थोडा वेळ. माउंटन बाइकिंगसाठी हलकं फुलफेस हेल्मेट निवडायला निघालेल्या माणसाने हा भागाकार मनात पक्का धरला, तर दुकानातली निम्मी गोंधळाची भाषा आपोआप सुटते.

हे अंतर पुरवणारा पदार्थ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. गणपतीच्या मखरांमधून ज्याला आपण हद्दपार केलं, तोच थर्माकोल, फक्त जास्त घट्ट आणि नेमक्या घनतेचा. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आणला. पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांत पेंटेन वायू कोंडलेला असतो. वाफ दिली की दाणे फुगतात, साच्यात एकमेकांना चिकटतात आणि जो ठोकळा तयार होतो त्यात बहुतेक हवाच असते. उरलेल्या काही टक्के प्लॅस्टिकच्या पातळ भिंतींनी असंख्य बंद कप्पे केलेले असतात. आघात झाला की या भिंती एकामागून एक वाकतात, मोडतात, आणि मोडता मोडता ऊर्जा खातात.

त्यांच्या मोडण्याची रीत मला अद्भुत वाटते. स्प्रिंग दाबत गेलो की ती अधिकाधिक जोराने विरोध करते आणि शेवटी डोक्याला उलट फेकते. थर्माकोल तसं करत नाही. तो एका ठरावीक जोराला नमायला लागतो आणि बराच वेळ जवळपास त्याच जोराने नमत राहतो. दिलेल्या अंतरात डोकं थांबवायचं असेल तर याहून चांगला मार्ग भौतिकशास्त्रातच नाही: जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवला, तरच त्याचं शिखर सर्वांत ठेंगणं राहतं. आणि थर्माकोल पुन्हा उसळी घेत नाही. चेपला तो चेपलाच. म्हणून एका जोरदार आघातानंतर हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं, तरी त्याचं काम संपलेलं असतं. ते बदलायलाच हवं. खास सायकलस्वारांसाठी थर्माकोलचं हेल्मेट १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेल कंपनीने ‘बेल बायकर’ या नावाने आणलं, आणि तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही.

हे झालं टाळूचं. चेहऱ्याचं काय? फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट डॅन गर्नीने १९६८ मध्ये आणलं. मोटारसायकलींवरही ते रुळलं. डोंगरातली सायकल मात्र आधी उघड्या डोक्यानेच उतरली. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात, १९७६ पासून जुन्या जड सायकली उतारावर सोडायच्या ‘रिपॅक’ शर्यती होत, आणि त्यातून माउंटन बाइक जन्माला आली. पुढे सस्पेन्शन आलं, डिस्क ब्रेक आले, वेग वाढले, आणि डाउनहिलच्या स्पर्धकांनी मोटोक्रॉसच्या धाटणीची फुलफेस हेल्मेट घातली. ती किलोभराच्या आसपास किंवा त्याहून जड असत. चालून जायचं, कारण डाउनहिलवाला वर लिफ्टने किंवा गाडीने जातो आणि फक्त खाली येताना सायकल चालवतो.

मग एन्ड्युरो आली. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली. या प्रकारात वेळ मोजली जाते ती उतारांची, पण दोन उतारांमधले चढ बहुतेक स्वतःच्या पायांनी चढायचे असतात, आणि असा दिवस तासन्‌तास चालतो. कसून चढ चढणारा माणूस मिनिटाला साठ ते शंभर लिटर हवा आत-बाहेर करतो. सायकलचा वेग चालण्याहून थोडाच जास्त असतो, म्हणजे वाराही नाही. अशा वेळी जाड भिंतीचं हेल्मेट तोंडासमोर असेल तर स्वत:चाच गरम श्वास परत नाकात येतो. लोक फुलफेस पाठपिशवीला लटकवून साधं हेल्मेट घालत, किंवा फुलफेस घरीच ठेवत. या एका अडचणीतून हलक्या फुलफेसची पिढी निघाली. फॉक्सचं ‘प्रोफ्रेम’ सुमारे साडेसातशे ग्रॅमचं, ट्रॉय ली डिझाइन्सचं ‘स्टेज’ सातशेच्या घरातलं, स्पेशलाइज्डचं ‘गॅम्बिट’ त्याहून हलकं. मोटारसायकलचं फुलफेस साधारण दीड किलोचं असतं. त्याच्या निम्म्या वजनात जबड्यासकट सगळं डोकं झाकलं जातं.

वजन कमी झालं ते कुठून? बाहेरचं जाड कवच गेलं. त्याच्या जागी पॉलिकार्बोनेटचा पातळ पत्रा आला आणि तो साच्यातच ठेवून त्याच्यावर थर्माकोलचे दाणे फुगवले जाऊ लागले, म्हणजे कवच आणि फोम एकजीव होतात. मोठमोठे झरोके पाडले गेले. पण झरोका म्हणजे जिथे अंतर पुरवणारा पदार्थच नाही अशी जागा. मग उरलेल्या फासळ्यांना जास्त घट्ट फोम द्यावा लागतो, आणि फोम फार घट्ट झाला की तो हलक्या आघाताला नमतच नाही. म्हणून चांगल्या हेल्मेटमध्ये वेगवेगळ्या घनतेचे थर असतात: मऊ थर छोट्या पडण्यासाठी, कडक थर मोठ्या पडण्यासाठी. ‘स्टेज’मध्ये थर्माकोलच्या जोडीला ईपीपी नावाचा, चेपून पुन्हा सावरणारा फोमही वापरला आहे. तेव्हा हलकं हेल्मेट हातात घेतलं की ‘किती ग्रॅम?’ यापेक्षा ‘ग्रॅम कुठून काढले?’ हा प्रश्न मोलाचा.

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा तो हनुवटीसमोरच्या आडव्या कमानीबद्दल, जिला स्वार चिन बार म्हणतात. तिचं काम दुहेरी आणि काहीसं परस्परविरोधी आहे. ती फार लवचीक असेल तर वाकून दातांवरच आदळेल. फार ताठ असेल तर आघात जसाच्या तसा डोक्याकडे आणि मानेकडे पोहोचवेल. डाउनहिल हेल्मेटसाठीचं अमेरिकी मानक, एएसटीएम एफ १९५२, यासाठी स्वतंत्र चाचणी घेतं. पाच किलोचं वजन सेकंदाला २.८ मीटर वेगाने, म्हणजे सुमारे चाळीस सेंटिमीटर उंचीवरून पडल्यासारखं, चिन बारवर सोडतात. कमान साठ मिलिमीटरपेक्षा जास्त आत वाकता कामा नये. याच मानकात डोक्याच्या भागाची परीक्षाही कडक आहे. साध्या सायकल हेल्मेटला गोलाकार आणि फुटपाथच्या कडेसारख्या ऐरणीवर १.२ मीटरवरून सोडतात, इथे १.६ मीटरवरून.

युरोपच्या ईएन १०७८ या मानकात चिन बारची चाचणीच नाही. म्हणजे एखाद्या हेल्मेटला पुढे कमान आहे आणि आत युरोपचं प्रमाणपत्रही आहे, तरी त्या कमानीची ताकद कोणी तपासली असेलच असं नाही. बेलची ‘सुपर ३आर’ आणि ‘सुपर डीएच’ ही दोन्ही हेल्मेट काढता येणाऱ्या चिन बारची, दिसायलाही भावंडं. डाउनहिलचं मानक ‘डीएच’नेच पार केलेलं. फरक कळतो तो आतल्या लेबलवरून. म्हणून दुकानात पहिल्यांदा हेल्मेट उलटं करून लेबल वाचावं, आणि त्यावर एफ १९५२ हा आकडा शोधावा.

आतापर्यंतचा सगळा हिशेब सरळ रेषेतला झाला. पण डोंगरात कोणी सरळ रेषेत पडत नाही. डोकं तिरपं आदळतं, घासतं, गर्रकन फिरतं. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू करून हाच प्रश्न तपासला. मेंदू दाबून आकसत नाही. त्या बाबतीत तो पाण्यासारखा आहे. पण त्याचे थर एकमेकांवरून सरकायला अगदी थोडा जोर पुरतो. दाबाला तो जितका विरोध करतो, त्याच्या लाखो पटींनी कमी. त्यामुळे सरळ ठोक्यापेक्षा अचानक फिरण्यातून मेंदूच्या धाग्यांना जास्त पीळ बसतो, असं होलबर्न यांचं म्हणणं होतं. स्वीडनमध्ये मेंदूशल्यचिकित्सक हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतले पीटर हाल्डिन यांनी या विचारातून १९९० च्या दशकात काम सुरू केलं, आणि त्यातून ‘मिप्स’ आलं: हेल्मेटच्या आत एक पातळ, निसरडा थर, जो आघाताच्या क्षणी डोक्याभोवती दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि फिरण्याचा काही जोर वाटेतच जिरवतो. मेंदूभोवतीच्या द्रवाने निसर्गात जे केलं, तेच इथे प्लॅस्टिकच्या एका पातळ थराने करून पाहिलं आहे. इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धतीने हेच साधलं आहे. नाव कुठलंही असो, फिरण्याचा विचार केलेलं हेल्मेट निवडावं.

इथे हलकेपणा स्वतःच संरक्षणाच्या बाजूने उभा राहतो. डोकं साडेचार-पाच किलोचं, त्यावर हेल्मेट. खडबडीत उतारावर तीन पट झटके सहज बसतात. तेव्हा बाराशे ग्रॅमचं हेल्मेट मानेला ३.६ किलोचं लागतं, सातशे ग्रॅमचं २.१ किलोचं. शिवाय हेल्मेटचं वजन डोक्याच्या मध्यापासून दूर, कडेला असतं, आणि फिरणाऱ्या वस्तूत अंतराचा परिणाम वर्गाने वाढतो. तासाभराने मान थकते, नजर खाली येते.

आपल्याकडे फुलफेस म्हटलं की मोटारसायकलचं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट डोळ्यांसमोर येतं. त्याचं मानक, आयएस ४१५१, इंजिनाच्या दुचाकींसाठी आहे. त्यात हवा खेळवण्यापेक्षा मोठा आघात पेलण्याला महत्त्व. सह्याद्रीतल्या मुरमाड चढावर, एप्रिलच्या उन्हात किंवा पावसाळ्याच्या दमटपणात ते घालून पेडल मारत राहणं अशक्यप्राय. तिथे डोंगरासाठीच बनवलेलं हलकं हेल्मेट लागतं.

लेबल वाचून झालं की उरते ती बसण्याची परीक्षा, आणि ती कागदावर होत नाही. भुवयांच्या थोडं वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्यातलं माप घ्या. हेल्मेट घातल्यावर गालांचे पॅड गालांना सर्व बाजूंनी घट्ट लागायला हवेत. नवं असताना ते जरा जास्तच घट्ट वाटणं चांगलं, कारण पॅड वापराने दबतात. पट्टा लावा, चिन बार धरून हेल्मेट डावी-उजवीकडे हलवा: कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे, हेल्मेट एकटंच फिरता कामा नये. मागून वर ढकलून ते पुढे निसटतं का तेही पाहा. मग तोंडाने जोरजोरात श्वास घ्या आणि समोरून हवा मोकळी जाते का ते अनुभवा. गॉगल किंवा चष्मा सोबत न्या आणि त्याच्यासकट हेल्मेट घालून बघा. दुकानात दहा मिनिटं ते डोक्यावरच राहू द्या. कपाळावर एखाद्या जागी टोचायला लागलं तर तो आकार आपला नाही.

काढता येणाऱ्या चिन बारचा मोह पडेल, आणि लांब, सोपे चढ असतील तर तो रास्तही आहे. पण जोडणीच्या खटक्यांचं वजन वाढतं, आणि काढलेली कमान उतारापूर्वी आठवणीने, दोन्ही बाजूंचा खटका ऐकून बसवावी लागते. एकसंध हलक्या हेल्मेटमध्ये ही आठवण ठेवावी लागत नाही.

या सगळ्या परीक्षांतून दोन हेल्मेट सारखीच उतरली, तर त्यातलं हलकं निर्धास्त घ्या. लांबच्या चढाच्या शेवटी मान ताजी आणि डोकं थंड राहिलं, तर उतारावरचा दगड वेळेवर दिसतो, आणि हेल्मेटला आपलं काम करून दाखवण्याची वेळच कमी येते.