खुराएवढं पाणी

अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी कधी चाखलंय? पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. विहीर भरलेली दिसते, ओंजळ तोंडाशी नेली की थू! खालच्या गाळात क्षार मुरलेले. पाणी आहे, पण प्यायची सोय नाही.

ग्रीकांच्या टँटॅलस राजाची शिक्षा नेमकी अशीच! देवांच्या पंगतीला बसणारा हा माणूस. पण देवांना खरंच सगळं कळतं का, हे बघायची त्याला खुमखुमी आली. त्यानं पोटचा पोरगा कापला, शिजवला आणि देवांना वाढला. देव ओळखून गप्प बसले. एकट्या डिमीटर देवीचं मन हरवलेल्या लेकीच्या दुःखात होतं, तिनं नकळत खांदा खाल्ला. देवांनी पोराला जिवंत केलं, खांदा मात्र हस्तिदंताचा बसवावा लागला! आणि बाप? पाण्यात उभा. प्यायला वाकला की पाणी ओसरतं. कायमचं. १८०२ मध्ये एक धातू सापडला, आम्लात बुडवला तरी आम्ल न ‘पिणारा’. त्याचं नाव ठेवलं टँटॅलम.

आपल्या वऱ्हाडातही असा राजा आहे, अचलपूरचा ईल. वेरूळला त्याला येल म्हणतात. शिकारीच्या नादात त्यानं ऋषींच्या आसऱ्याची जनावरं मारली. शाप लागला, अंगभर किडे. रानोमाळ भटकताना तहानेनं जीव कासावीस, तर समोर काय? गाईच्या खुरांचे खळगे, त्यात साचलेलं पाणी. किती असेल? घोटभर! ते लागलं मात्र, किडे गेले. ग्रीकांचं पाणी पळतं, आपलं खुरात थांबून वाट बघतं.

शिरपूरची कथा तर याहून न्यारी. (वाशीम १९९८ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हे गाव अकोल्यातलंच.) इथं राजाला कुष्ठ. तळ्यात हातपाय धुतले नि रोग पळाला. या पाण्यात आहे तरी काय? स्वप्नात उत्तर मिळालं: तळाशी पार्श्वनाथांची मूर्ती आहे. काढ, गाडीत ठेव, सात दिवसांची वासरं जुंप. पण मागे वळून बघू नकोस.

सात दिवसांची वासरं! ती गाडी ओढताहेत, म्हणजे गाडीला वजनच नाही. आणि वजन नाही, तर मूर्ती मागे आहे कशावरून? अटीतच शंका पेरलेली! मला तर राजाची कीवच येते. तो वळला. गाडी पुढे निघून गेली, मूर्ती जागच्या जागी, अधांतरी.

जैन आचार्य जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ही कथा लिहून ठेवली. एके काळी त्या मूर्तीखालून, डोक्यावर घागर घेतलेली बाई सहज निघून जायची म्हणे.