जो चालवतो, त्याचे सॉफ्टवेअर

भोसरीच्या एमआयडीसीतल्या लहान शेडमध्ये गेलात, तर व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मशीन) कोणत्या कंपनीची, कंट्रोल फॅनुकचा की सीमेन्सचा, हे मालक स्वतःहून सांगतो. पण प्रोग्रॅम कोणत्या सॉफ्टवेअरवर बनतो, असे विचारले की तो कोपऱ्यातल्या केबिनकडे बोट दाखवतो. "हा आला तेव्हापासून मास्टरकॅम. आधीचा पोरगा डेलकॅमवाला होता." असे प्रोग्रॅम बनवणारे कॅम सॉफ्टवेअर कोणते खपते आणि का, याचे बरेचसे उत्तर इथेच मिळते.

किमतीच्या खालच्या टोकाला लाकूड, ॲक्रिलिक, संगमरवर कोरणारे राउटर आहेत. दरवाजावरचा गणपती, देव्हाऱ्याची महिरप, पलंगाची नक्षी ही तिथली रोजची कामे. या दुकानांत अजून आर्टकॅमचे नाव चालते. ते बनवणारी डेलकॅम २०१४ मध्ये ऑटोडेस्कने घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅमची विक्रीच थांबवली. तरी कारागिरांनी ते सोडले नाही, कारण तयार नक्षीच्या फायली त्याच स्वरूपात जमलेल्या आहेत आणि नवा मुलगा शेजारच्या दुकानात तेच शिकून येतो. वापरातल्या कित्येक प्रती विनापरवाना असल्याने विक्रीच्या आकड्यांत ही लोकप्रियता दिसतही नाही. रीतसर विकत घेणाऱ्याला व्हेक्ट्रिकचे व्हीकार्व्ह किंवा ॲस्पायर परवडते. एकदाच पैसे भरायचे, दरवर्षीची वर्गणी नाही.

फुकटातही आता चांगले पर्याय आहेत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ऑटोडेस्कच्या फ्युजनचा वैयक्तिक, बिगरव्यावसायिक परवानाही मोफत मिळतो, पण २०२० पासून त्याला लगाम आहे. तो लगाम मशीनसमोर उभे राहिले की डोळ्यांना दिसतो. कटर वर उचलला गेल्यावर पुढच्या जागी झेपावत नाही; हवेतूनही कटिंगच्याच वेगाने सरकतो. कटर बदलायचा असेल तर दुसरी फाइल लावावी लागते. शिकणाऱ्याचे यात काही अडत नाही. तासाच्या दराने जॉब करणाऱ्याला मात्र ही वाट पाहणे परवडत नाही, आणि हा परवाना त्याच्यासाठी नाहीच.

मधल्या टप्प्यात, काही लाखांच्या घरात, मास्टरकॅम आणि सॉलिडकॅम येतात. मास्टरकॅमची सुरुवात १९८३ मध्ये अमेरिकेत झाली. बसवलेल्या प्रती मोजल्या तर जगभरात वर्षानुवर्षे तेच पुढे राहिले आहे. मोजमाप पैशांनी केले की सीमेन्स आणि दासो वर येतात, कारण सीमेन्सचे एनएक्स आणि दासोचे कॅटिया वाहन आणि विमान उद्योगातल्या बड्या कंपन्या घेतात. त्यांचे काम करणाऱ्या टूलरूमला मग निवड उरत नाही. गिऱ्हाईक एनएक्सचे मॉडेल पाठवते, पंधरा दिवसांनी त्यात बदल पाठवते, आणि तो बदल टूलपाथपर्यंत, म्हणजे कटरच्या मार्गापर्यंत, विनासायास उतरला पाहिजे. पाच अक्षांच्या कामात होल्डर जॉबला धडकला तर स्पिंडलचे नुकसान सॉफ्टवेअरच्या किमतीच्या तोडीचे होऊ शकते. तिथे महाग सॉफ्टवेअर हा विमाच असतो.

पण साध्या तीन अक्षांच्या जॉबवर महाग आणि स्वस्त सॉफ्टवेअरमधला फरक झपाट्याने कमी होतो आहे. जुन्या पद्धतीच्या पॉकेटमध्ये कटर कोपऱ्यात शिरला की भार वाढतो, आवाज चिरका होतो आणि ऑपरेटरचा हात आपोआप फीडच्या नॉबकडे जातो. नवी पद्धत कटरवरचा भार सारखा ठेवते: पूर्ण उंचीचा काप, पण आडवा घास बारीक. आवाज एकसुरी राहतो, चिप्स एकसारख्या पडतात. मास्टरकॅममध्ये हिला डायनॅमिक म्हणतात, सॉलिडकॅममध्ये आयमशिनिंग, फ्युजनमध्ये ॲडॅप्टिव्ह. एकेकाळी लाखो रुपये मोजून मिळणारी ही सोय आज फ्रीकॅडमध्येही आहे.

मग शेडचा मालक पैसे कशाला देतो? याचे उत्तर पहिल्या पीसच्या वेळी मिळते. ऑपरेटर मशीन सिंगल ब्लॉकवर टाकतो, म्हणजे प्रोग्रॅम एकेक ओळ चालवतो; एक हात फीडवर, नजर स्क्रीनवरच्या उरलेल्या अंतरावर. पोस्ट नीट बसवलेले असेल, म्हणजे सॉफ्टवेअरमधला मार्ग त्या कंट्रोलच्या भाषेत चोख उतरत असेल, तर कटर जॉबजवळ बरोबर आला की तो सिंगल ब्लॉक काढून टाकतो. पोस्ट कच्चे असेल तर प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागतात, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस तो प्रोग्रॅम लावायला धजत नाही. मालक पैसे देतो ते या भरवशाचे. पोस्ट दुरुस्त करून देणारा स्थानिक विक्रेता आणि जाहिरात दिल्यावर सहज मिळणारा प्रोग्रॅमर, या दोन गोष्टींवर मधल्या टप्प्यातली पसंती ठरते.

म्हणून खरी निवड खरेदीच्या आधीच, शिकवणीच्या वर्गात होऊन गेलेली असते. क्लासमध्ये जे शिकवतात, तेच शेडमध्ये बसते. शेडमध्ये जे बसलेले असते, तेच क्लास शिकवतो. हे चक्र मोडण्याची ताकद आयटीआय, पॉलिटेक्निक आणि टूलरूमच्या अभ्यासक्रमांत आहे. बटणांच्या जागा घोकून घेण्याऐवजी कटरवरचा भार, आत शिरण्याची वाट, होल्डरची मोकळीक आणि पोस्टची रचना शिकवा, आणि सरावाला फ्रीकॅडही द्या. असा मुलगा नवे सॉफ्टवेअर थोड्याच दिवसांत हाताळू लागेल, आणि मालकाला आपल्या जॉबला काय लागते ते पाहून निवड करता येईल.