रानातील गणती

बंगळूर शहराच्या वायव्य भागात यशवंतपूरचे रेल्वे स्थानक आहे. त्याच्या नजीकच भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार पसरलेले आहे. म्हैसूर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३७१ एकर जमिनीवर १९०९ साली ही संस्था उभी राहिली. एके काळी उजाड असलेल्या या जागेवर आज दाट झाडी दिसते. या आवारात वृक्ष किती, गवतात आघाड्याची रोपे किती आणि खारी किती, असे तीन प्रश्न कोणी विचारले, तर तिन्हींचे उत्तर एकाच रीतीने देता येणार नाही. वृक्ष जागचे हलत नाहीत, म्हणून ते एकेक करून मोजता येतील. रोपे असंख्य असतात. खारी तर मोजता मोजता पळून जातात.

एखाद्या क्षेत्रात एका जातीचे जीव किती आहेत, या मापास त्या जातीची विपुलता म्हणतात. सर्व जीव मोजणे बहुधा अशक्य असते. म्हणून थोड्या भागाची मोजणी करून त्यावरून संपूर्ण क्षेत्राचे अनुमान करावे लागते. शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखेच हे आहे. मात्र शीत कोणते उचलावे, याचे शास्त्र आहे.

स्थिर वनस्पतींसाठी चौकटीची पद्धत वापरतात. समजा, एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर गवताळ जमिनीवर एक मीटर लांबीरुंदीची चौकट २० ठिकाणी ठेवली आणि त्यांत आघाड्याची एकूण ३६ रोपे आढळली. दर चौकटीस सरासरी १.८ रोपे, म्हणून संपूर्ण जमिनीवर सुमारे १८,००० रोपे असावीत. परंतु निरीक्षकाने हिरव्यागार जागा पाहूनच चौकटी मांडल्या, तर हे उत्तर फसवे ठरेल. यासाठी जमिनीचे सारखे चौरस पाडून त्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून जागा निवडाव्यात. निरनिराळ्या चौकटींतील आकड्यांत फार तफावत असेल, तर चौकटींची संख्या वाढवावी लागते.

चितळासारख्या प्राण्यांसाठी निरीक्षक रानातून ठरावीक सरळ रेषेने चालतो आणि दिसलेला प्राणी त्या रेषेपासून किती दूर होता, याची नोंद करतो. अंतर वाढते तसे अधिकाधिक प्राणी नजरेतून सुटतात. जवळच्या व दूरच्या नोंदींची तुलना करून न दिसलेल्यांचे प्रमाण काढता येते. दिसले तेवढेच आहेत, असे मानणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक होय.

तिसरी पद्धत खुणेची आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा करून तिचा पाया घातला. समजा, तळ्यातील ५० मासे पकडून व खूण करून पुन्हा सोडून दिले. काही दिवसांनी ४० मासे पकडले, तेव्हा त्यांपैकी १० खुणेचे निघाले. म्हणजे तळ्यातील चौथा हिस्सा खुणेचा आहे. अर्थात एकूण मासे सुमारे २०० असावेत. मात्र दरम्यान खुणा पुसल्या जाऊ नयेत, मासे आत-बाहेर जाऊ नयेत आणि खुणेचे मासे इतरांत पूर्णपणे मिसळावेत, एवढ्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

वाघाच्या अंगावर अशी खूण निसर्गानेच केलेली असते, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात, रानवाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून याच गणिताने वाघांची संख्या अनुमानिली. राजस्थानातील सरिस्का येथे पाऊलठशांवरून केलेल्या गणनेत वाघांचे आकडे नोंदले जात होते. परंतु तेथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली निष्पन्न झाले. चुकीच्या आकड्याची किंमत अशी भारी पडते. त्यानंतर, २००६ पासून, राष्ट्रीय गणनेत नव्या पद्धतीचा अवलंब झाला.

एकदा केलेली मोजणीही पुरेशी नसते. भारतीय विज्ञान संस्थेतील पर्यावरण विज्ञान केंद्र माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९८३ साली सुरू झाले. या केंद्राच्या रामन सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८-८९ मध्ये निलगिरीतील मुदुमलाईच्या रानात ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला आणि त्यातील एक सेंटिमीटर व त्याहून अधिक जाडीच्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. सुमारे ७० जातींची जवळजवळ २६,००० झाडे भरली. पुढील मोजण्यांत असे दिसले की, प्रारंभी विपुल असलेली वारंग ही जाती झपाट्याने घटत आहे. हत्ती तिची साल व फांद्या खातात, हे त्याचे एक मुख्य कारण ठरले. पहिली नोंद नसती, तर ही घट कोणाच्या ध्यानातही आली नसती.

चार काठ्यांची चौकट, दोरी, वही व पेन्सिल एवढ्या साहित्यावर शाळेच्या मैदानातही अशी गणती करता येते. जागा चिठ्ठीने निवडावी, शून्य आढळल्यास शून्यच लिहावे आणि पुढील वर्षी त्याच ऋतूत पुन्हा मोजावे.