दोन दिवसांत चांदा ते मार्कंडा

पहिली सकाळ चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, परकोटासाठी ठेवा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांतून आजही गावाची वर्दळ चालते. दरवाजावर हत्तीला दाबून धरणारा सिंह दिसला की थांबा. हे गोंड राजांचं राजचिन्ह. अंचलेश्वर मंदिराशेजारच्या समाधिस्थळी गोंड राणी हिराईने पती राजा बीरशाहची समाधी बांधली. महाकालीचं मंदिर तिथून जवळच आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत मात्र गर्दी गृहीत धरूनच निघा.

दुपारी भद्रावती. विजासन टेकडीतली बौद्ध लेणी सरळ खडकात शिरतात. लांब, अंधाऱ्या बोळाच्या टोकाला बुद्ध बसलेले दिसतात, तेव्हा बोलणं आपोआप थांबतं. टॉर्च विसरू नका. भद्रनाग मंदिर आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिरही याच गावात.

दुसरा दिवस पूर्णपणे मार्कंड्याला द्या. मूल गावामार्गे गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात जायचं. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून काठ पवित्र. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७३-७४च्या दौऱ्यात इथल्या मंदिरसमूहाची नोंद घेतली. मुख्य मंदिराच्या बाह्य भिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत. त्या घाईने बघू नयेत. सकाळच्या तिरप्या उन्हात देवतांचे दागिने, नर्तिकांचे हात वेगळे उठून दिसतात. स्थानिक वाटाड्या सोबत असेल तर मार्कंडेयाची कथाही तिथेच ऐका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो.