टायटॅनियम कापायला बल किती लागेल?

लेथवर पोलादाची सळई फिरते आहे आणि हत्यार तिचा कीस काढते आहे. हत्यार २ मिलिमीटर खोल घुसले आहे व दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे निघणाऱ्या पापुद्र्याचा छेद ०.४ चौरस मिलिमीटर झाला. अशा वेळी साधारण पोलादाला दर चौरस मिलिमीटरमागे सुमारे २५०० न्यूटन बल लागते. गुणाकार करा: १००० न्यूटन. एवढ्याशा धारेवर जवळजवळ एक क्विंटलाचा भार!

हे बल आधी काढता आले, तर यंत्राची मोटर पुरेल का, हत्यार टिकेल का, कापताना वस्तू वाकेल का, हे कळते. पण नुसता गुणाकार फसवतो. सरकण्याचे अंतर निम्मे केले तर बल निम्मे होत नाही, सुमारे ६० टक्के उरते. पापुद्रा जितका पातळ, तितके दर चौरस मिलिमीटरमागे बल जास्त. कारण धारेला थोडी गोलाई असतेच व ती धातूला कापण्याऐवजी घासते. जर्मनीतील ओटो किन्झले यांनी १९५२ साली हा संबंध सूत्रात मांडला.

आता विमानात वापरतात तो टायटॅनियमचा मिश्रधातू घेऊ. हा ‘कापायला अवघड’ धातू. मग त्याला बलही जास्त लागत असेल ना? नाही! वरच्याच छेदाला सुमारे ८०० न्यूटन पुरतात.

मग अवघड काय? एक तर त्याचा कीस हत्याराला अगदी थोड्या जागेत टेकतो, त्यामुळे सारे बल धारेलगत एकवटते. दुसरे, त्याची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे एक सप्तमांश आहे. उष्णता धारेपाशीच साचते, धार झिजते आणि बल वाढत जाते. तिसरे, कीस करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि दर दात्यागणिक बल चढते-उतरते. शिवाय ताठरपणा पोलादाच्या निम्माच असल्याने वस्तूची पातळ भिंत धारेपासून मागे सरते.

म्हणून येथे ८०० हा सरासरी आकडा पुरत नाही. बल कोठे पडते, केव्हा चढते, तापमानाने धातू किती नरमतो, हे सारे संगणकाला सांगावे लागते आणि आलेले उत्तर बलमापकाने पडताळावे लागते.

विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्या. पोलाद सेकंदाला ३ मीटर वेगाने कापले, तर शक्ती ३००० वॅट. टायटॅनियम धार वाचवण्यासाठी १ मीटर वेगाने कापतात, तेव्हा शक्ती फक्त ८०० वॅट. मोटर निवांत असते. संकटात असते ती धार.