गुटगुटीत बाळ उशिरा चालतं?

बाळाला वर्ष होत आलं की घरी येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी विचारतो: वजन किती आणि चालायला लागलं का? पुढे दोन्ही उत्तरांची सांगड घातली जाते. बाळ अंगानं भरलेलं असेल तर ‘जड आहे, उशिराच चालणार’. किरकोळ असेल तर ‘अंगात ताकदच नाही, चालणार कसं?’ यात खरं किती?

गैरसमज: वजनदार बाळ उशिराच चालतं.
वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींची नोंद ठेवली. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळं आधाराशिवाय चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. निरोगी बाळांतच इतका फरक! या बाळांचं वजन-उंची आणि बसण्या-चालण्याचं वय ताडून पाहिलं, तेव्हा त्यांत जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही.

गैरसमज: म्हणजे वजनाचा काहीच परिणाम होत नाही.
वस्तुस्थिती: होतो, पण वजन प्रमाणाबाहेर गेलं की. नवजात बाळाला काखेत धरून तळवे टेकवले की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. दोनेक महिन्यांत हे थांबतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधून पाहिली, तर पावलं कमी झाली. पाय पाण्यात सोडले, तर वाढली. या वयात पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंची ताकद मात्र त्या वेगाने वाढत नाही. नॉर्थ कॅरोलिनात ३ ते १८ महिन्यांच्या बाळांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिवजन असताना हालचालींत मागे असण्याची शक्यता १.८ पट दिसली. त्वचेखाली चरबी जास्त असताना ती २.३ पट होती.

गैरसमज: किरकोळ बाळ मागेच पडणार.
वस्तुस्थिती: जन्मतःच लहानखुरं, पण वाढीच्या तक्त्यावरची आपली रेषा धरून वाढणारं बाळ वेळेवर बसतं, चालतं. काळजी करायची ती रेषा खाली घसरू लागली तर. कुपोषण आणि लोहाच्या कमतरतेमुळे होणारा पंडुरोग यांनी बाळ मलूल होतं, हालचालीही मंदावतात.

गैरसमज: रांगलं नाही, म्हणजे अंग जड आहे.
वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पाहणीत शंभरातली चारेक बाळं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, आणि ती सगळी निरोगी होती. कुणी पोटावर सरकतं, कुणी बसल्या बसल्या ढुंगणावर घसरत पुढे जातं.

गैरसमज: जड बाळाला वॉकरमध्ये ठेवलं की पाय बळकट होतात.
वस्तुस्थिती: वॉकरमध्ये बाळ चवड्यांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही. पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. त्यापेक्षा सतरंजी बरी. अजून स्वतःहून हलू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ सारखं कडेवर किंवा दुपट्यात बांधलेलं असेल, तर त्याने हातपाय मारायचे कधी?

गैरसमज: बाळ जड वाटलं तर दूध-खाणं कमी करावं.
वस्तुस्थिती: पहिल्या वर्षात मनाने खाणं तोडू नये, दुधात पाणी घालू नये. डॉक्टरांना वाढीचा तक्ता दाखवावा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
नऊ महिने उलटूनही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, अंग लुळं किंवा ताठ वाटत असेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं असेल, तर थांबू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. ‘गुटगुटीत आहे, चालेल हळूहळू’ या समजुतीपायी स्नायूंचा किंवा मेंदूचा दोष लक्षात यायला उशीर होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मोफत तपासणी करतं. तिथे वजनाबरोबर बाळाच्या हालचालींबद्दलही आवर्जून विचारा.